कुस्ती लावायचा मान

आमचे आण्णा रागावत नसत, गप्प बसत. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. गप्प माणसापुढं आपणच आपले गुन्हे शोधत बसतो. मी डॉक्टर व्हायचं हे आमच्या रहिमतपूरच्या घरात नेमकं कधी ठरलं ते मला आजही सांगता येणार नाही. अकरावीला मला सांगलीच्या क्लासला घातलं, होस्टेलवर ठेवलं आणि रोज संध्याकाळी आण्णांचा फोन यायला लागला. "टेस्टला किती पडले?" जेवलास का, हे आई विचारायची, तेही मार्क सांगून झाल्यावर.

मला मात्र वेड होतं कुस्तीच्या निवेदनाचं. खेळायचं नव्हे, अंगानं मी काडी. पण हलगी कडाडायला लागली आणि माइकवरचा माणूस पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद, डाव असं सगळं एका दमात सांगायला लागला, की माझ्या अंगावर काटा यायचा. होस्टेलच्या बाथरूममध्ये नळ मोठा सोडून मी निवेदन करायचो आणि बाहेर पोरं दार बडवायची. शेवटी एका निवेदकांच्या मागंच लागलो. रविवारची टेस्ट बुडवून त्यांच्याबरोबर जत्रा हिंडायला लागलो. लहान पोरांच्या कुस्त्या ते माझ्यावर सोपवायचे.

बारावीच्या वर्षी इस्लामपूरजवळच्या एका गावात मैदान होतं. तरुणपणी आण्णा याच गावात मास्तर होते, हे मला माहीत होतं. पण इतक्या वर्षांत गावानं त्यांना कधी बोलावलं नव्हतं, म्हणून मी बिनघोर गेलो. दुपारीच निवेदकांचा घसा बसला. त्यांनी माइक माझ्या हातात दिला आणि स्वतः गरम पाणी पीत बसले. मी असा सुटलो की विचारू नका. समोरच्या मांडवात फेटेच फेटे होते. त्याखालचे चेहरे बघायला मला सवड कुठली?

आमच्याकडं मोठी कुस्ती मानाच्या माणसाच्या हस्ते लावतात. तो मातीत उतरतो आणि दोन्ही पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात देतो. निवेदकानं त्याचं नाव घ्यायचं, वर त्याच्या घराचं एखादं कौतुक सांगायचं. कौतुक राहिलं तर पाहुण्याचा अपमान होतो आणि कमिटी त्या निवेदकाला पुन्हा बोलवत नाही.

शेवटच्या कुस्तीच्या वेळी कमिटीतले एक म्हातारे माझ्या कानाशी वाकले. "आमच्या शाळंचं जुनं गुरुजी हायती, औंदा पयल्यांदाच बोलावलंय. त्यांचा पोरगा सांगलीत डाक्टर व्हतोय, ती बी सांग. लय बरं वाटंल त्यास्नी."

मी मान वर केली. डोक्याला गुलाबी फेटा बांधून, चपला मांडवात काढून आण्णा मातीतून चालत येत होते. ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांचं नाव मी कसंबसं घेतलं. त्यांनी पैलवानांचे हात धरले, हलगीवाल्यानं काठी उचलली आणि सगळं मैदान माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत थांबलं.

"सांग की रं," म्हातारे म्हणाले.

डॉक्टर होतोय म्हटलं असतं तर त्यांची मान ताठ राहिली असती आणि मी सुटलो असतो. पण मग जन्मभर तेच सांगत बसावं लागलं असतं, याची मला त्या क्षणी मनापासून चीड आली.

"गुरुजींचा मुलगा डॉक्टर होत नाही," मी म्हणालो. "तो या मैदानात निवेदन करतोय."

लोकांना ती थट्टा वाटली. कुणी शिट्टी मारली. म्हातारे माझ्याकडं आ वासून बघत राहिले. आण्णा मात्र पैलवानांचे हात धरून तसेच उभे राहिले, सोडेचनात. हलगीवाला काठी वर धरून ताटकळला. शेवटी कमिटीतलं कुणीतरी ओरडलं, "आवं गुरुजी, सोडा की आता!"

तेव्हा त्यांनी हात सोडले. ती कुस्ती कोण जिंकलं ते मला आठवत नाही, आणि ती सांगत होतो मीच.

मैदान सुटल्यावर ते मोटारसायकलपाशी उभे होते. "बस," एवढंच म्हणाले. मी मागं बसलो. आता वाटेत कुठंतरी थांबवून मुस्काडात देतील असं वाटत होतं आणि दिली तर बरं होईल असंही. गाव मागं पडल्यावर त्यांनी खरंच गाडी कडेला घेतली, पण वळून बघितलं नाही.

"दुपारपासून मांडवात बसून ऐकतोय. बाकी सगळ्यांची नावं खणखणीत घेतलीस. माझ्याच नावाला आवाज का कापला?"

"भ्यालो."

"कुणाला?"

"तुम्हाला."

त्यांनी फेटा काढून मांडीवर घेतला. मग गाडी सुरू केली. इस्लामपूरच्या स्टँडपाशी मी उतरायला लागलो, सांगलीची एसटी तिथूनच मिळायची.

"उतरू नको. घरी जाऊ."

"आणि क्लास?"

त्यांनी गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकली. मग म्हणाले, "क्लास सोडला म्हणून आईला तूच सांग. माझ्या तोंडून निघायचं न्हाई."