फ्लेक्सवरची बॅट

दुबईत दोन मोसम मी पैसे घेऊन बेसबॉल खेळलो. काम कॅचरचं, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलायचा. अख्खं मैदान समोर दिसणारा तो एकच खेळाडू. राजकारणात ही नजर उपयोगी पडेल असं मला वाटायचं. गुडघा गेल्यावर गावी परतलो आणि नगरपालिकेला उभा राहिलो. कार्यकर्त्यांनी फ्लेक्सवर माझ्या हातात क्रिकेटची बॅट दिली. मी भडकलो, तर म्हणाले, ‘दादा, ग्लोव्ह बघून कुणाला काय कळणार?’ निवडून आलो, पण तो राग काही गेला नाही.

मागच्या महिन्यात शारजात, अल मजाजला बहिणीकडे गेलो होतो. आमच्या वॉर्डातला, तिकडे साइटवर शटरिंगचं काम करणारा एक जण सुट्टीच्या दिवशी भेटायला आला. मी सवयीने विचारलं, ‘घरी काही अडचण?’ त्याने थेट आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारीने अंगणातून फोन छपराकडे धरला. गळक्या कौलांवर, दगडांनी दाबून, माझा फ्लेक्स अंथरला होता. बॅटसकट.

‘गळायचं थांबलं बघा,’ ती म्हणाली. ‘तेवढं एक काम झालं तुमच्याकडून.’