भिंगरीला कावळा शिवला

त्या नवरात्रात मी देवीवर रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. घट बसवला, माळ चढवली, आरती केली, सगळं यथासांग. पण आतून धुमसत होते. आदल्या वर्षी आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय हळूहळू काठीच्या आधाराने उचलू लागला, पण वाचा काही परत आली नाही. जन्मभर शाळेत घसा फोडून इतिहास शिकवलेला माणूस, आणि आता तोंडातून 'आ', 'पा' असे तुकडे तेवढे बाहेर पडायचे. ओळखू येईल असा एकच शब्द होता, तोही अर्धा: 'भिं'. भिंगरी ही आमची कुत्री. 'भिं' म्हटलं की ती असेल तिथून यायची आणि ह्यांच्या लुळ्या हाताखाली डोकं घालायची. तिच्यासाठी म्हणून हे अंथरुणातून उठायचे, तिच्यासाठी म्हणून अंगणात चार पावलं टाकायचे. माझ्या सांगण्यावरून नाही हो. माझं ऐकलंय कधी!

आमची कुलदेवता सप्तशृंगी. घर दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या पुढे, त्यामुळे नवरात्रात वणीच्या गडावर पायी जाणारी माणसं दिवसभर दारावरून जात असतात. त्यांच्याकडे बघत बघतच मी त्या वर्षी नवस बोलले. नवस कसला, सौदाच केला म्हणा ना. आई, नऊ दिवस तुझा अखंड दिवा विझू देत नाही, घराला कुलूप लावत नाही. तू ह्यांना बोलतं कर. सासूबाईंची शिकवणच होती की घट बसला की घर उघडं ठेवायचं आणि दिवा एकटा सोडायचा नाही. समई जुनी, पितळेची, तिच्यात तेल राहतं थोडंसं. सारखी उठून काजळी झाडायची, तेल घालायचं. ह्यांच्या डाव्या हातालाही कंप, त्यामुळे ते सगळं माझ्यावरच होतं. पण मी हट्टाला पेटले होते.

दुसऱ्या की तिसऱ्या माळेला फरशीवर डाग दिसले. मी कपाळावर हात मारला. भिंगरी गणपतीच्या आधीच तर माजावर येऊन गेली होती, तेव्हाही तिला आठवडाभर बाहेर ठेवली होती. म्हटलं, घ्या, घरात घट बसलाय आणि हिला आताच मुहूर्त सापडला! भिंगरीला कावळा शिवला, आता घट उठेपर्यंत हिने आत यायचं नाही. तिला फाटकाजवळच्या कढीपत्त्याच्या झाडाला बांधली, शेजारी पाण्याचं घमेलं ठेवलं आणि भाकरी लांबूनच टाकू लागले. हात लागला तर पुन्हा अंघोळ करावी लागणार, म्हणून जवळ गेलेच नाही. ती भाकरी तशीच ठेवायची. मला वाटलं, बाहेर घातली म्हणून रुसली बाईसाहेब. मीसुद्धा रुसलेलीच होते, मला ते पटलं.

हे मात्र दारातल्या खुर्चीवरून हलेनात. फाटकाकडे बघत राहायचे आणि मध्येच 'पा, पा' करायचे. मी तांब्याभांडं घेऊन धावायची. ते भांडं डाव्या हाताने लोटून द्यायचे, पुन्हा 'पा, पा'. एकदा तर पाणी सगळं माझ्या पदरावर उडालं. मी वैतागून म्हटलं, "अहो, पाणी दिलं तरी ओरडता, नाही दिलं तरी ओरडता! माझे उपास चाललेत, जरा तरी दया करा." त्यांनी मान फाटकाकडे वळवली. डोळ्यांत पाणी तरळलेलं मला दिसलं, पण आजारपणात माणूस हळवा होतो म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आठव्या माळेला दुपारी फाटकाबाहेरच्या पायरीवर एक बाई येऊन बसली. चाळिशीची असेल. पाय अनवाणी, धुळीने माखलेले, कपाळाला मळवट. मी बाहेर डोकावले तशी म्हणाली, "ताई, पानी मिळंल का? भांडं नको, वरून ओता. मला अडचण आली हाय." गडाच्या वाटेवरच पाळी आली होती तिला. सिन्नरकडच्या एका गावातून बायांबरोबर चालत निघालेली. "बायांना म्हनलं, तुम्ही व्हा म्होरं, मी एसटीनं माघारी जाते. काय करनार, आईच्या मनात नाय." असं म्हणून तिने पदराने डोळे पुसले. तिने ओंजळ धरली आणि मी वरून पाणी ओतलं. त्या क्षणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तेवढ्यात भिंगरीने घमेलं चाटूनपुसून रिकामं केलं आणि माझ्या हातातल्या तांब्याकडे बघू लागली. आतून हाक आली, "पा! पा! भिं!" मी वळले तशी ती बाई म्हणाली, "ताई, ते सोताला नाय मागत. कुत्रीचं सांगत्यात." मग तिने भिंगरीकडे निरखून पाहिलं. "लय पानी पिती का वो ही?" मी म्हटलं, उन्हाचं पीत असेल. ती मान हलवत राहिली. "आमची काळी कुत्री अशीच पिऊन पिऊन गेली. आमालाबी वाटलं, पुन्हा बाहेर बसली. बसली नव्हती. आत पू झाला व्हता. कळलं तवा उशीर झालता."

सोवळंओवळं विसरून मी भिंगरीजवळ बसले. इतक्या दिवसांनी हात लावला तर पोट तटतटलेलं, नाक कोरडं, अंग भाजत होतं. मागून येत होतं ते रक्त नव्हतंच. पिवळट-तांबूस पू होता, आणि त्याला उग्र वास येत होता. लांबून, उदबत्तीच्या दरवळात, तो मला कधी आलाच नव्हता. मी फोन लावला तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "काकू, माज कधी येऊन गेला? पाणी फार पिते का?" आणि म्हणाले, "पिशवीत पू झालाय असं दिसतंय. आत्ता आणा. उद्यावर टाकू नका."

आत्ता आणा! आणि दिव्यापाशी कोण? शेजारच्या वहिनी गडावर गेलेल्या, मुलगा बंगलोरला. दिवा विझला तर नवस मोडणार, ह्यांची वाचा गेली ती कायमचीच, असं माझ्या मनाने घेतलेलं. आणि भिंगरी गेली तर ह्यांचा उरलेला एक शब्दही जाणार. मी अंगणात उभीच राहिले. ती बाई हळूच म्हणाली, "ताई, मी बसले असते वो दिव्यापाशी. पर माझं हे असं."

मी तिच्याकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं. एक फाटकाच्या आत, एक फाटकाच्या बाहेर, दोघीही एकाच कारणासाठी बाजूला काढलेल्या. मी म्हटलं, "पाय धू आणि आत ये."

"ताई, घट हाय घरात. इटाळ व्हईल."

"होऊ दे. दिवा तेवढा विझू देऊ नको, बाई."

रिक्षात भिंगरीचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि मग भानावर आले. नाव-गाव नीट विचारलेलं नाही, घर उघडं, देव्हाऱ्यात चांदीची मूर्ती, आणि घरात मदतीला हाकसुद्धा मारता न येणारा नवरा! काय करून बसले मी? पण मागे फिरायची सोय नव्हती. भिंगरी धापा टाकत होती. मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवीकडे काहीही न मागता बोलले. म्हटलं, आई, घर तुझं, दिवा तुझा, हे तुझे, ही मुकी लेकही तुझीच. माझ्याने आता काही राखवत नाही. तू बघ.

सोनोग्राफीत पिशवी पुवाने फुगलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून पिशवी काढावीच लागेल, पण वय झालंय, अंगात विष भिनलंय, खात्री देत नाही. पू करणारे जंतू आत आले कुठून, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बाहेरून नाही हो काकू. बहुतेक वेळा तिच्याच आतड्यातले असतात. तिथे असतात तोवर बिचारे गुण्यागोविंदाने राहतात. माजाच्या दिवसांत पिशवीचं तोंड उघडं असतं, तेव्हा ते वर चढतात आणि नंतर आत पू धरतो." मी बाकावर बसून राहिले. ऑपरेशन झालं, सलाईन लागलं, श्वास चालू होता. आज इथेच राहू दे, उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही, म्हणाले. मी रिकाम्या हाताने दिवेलागणीला घरी आले.

दिवा तेवत होता. ती बाई उंबऱ्यावर बसली होती, पुढे एक पाऊलही गेली नव्हती. घटापाशी खुर्चीत हे बसलेले. डाव्या हातात तेलाचं भांडं, सदरा तेलाने माखलेला, समईभोवती तेलाचं तळं. ती म्हणाली, "म्या इथूनच ध्यान ठेवलं. वात बारीक झाली का सांगायची, साहेब तेल घालायचे. लय सांडलं, रागावू नका." ज्या माणसाच्या हातून काही होणार नाही असं मी ठरवून टाकलं होतं, त्याने आपला दिवा आपणच राखला होता. ह्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "भिं?" मी म्हटलं, "आहे अजून." आणि मग मात्र मला रडू आवरेना.

तिचं नाव सुमन. जायला निघाली तशी मी कपाटातून खण काढला, नारळ घेतला, तांदूळ घेतले. ती मागे सरकली. "ताई, मला चालत नाय आज." मी म्हटलं, "मला चालतं." तिला देवघरासमोर पाटावर बसवली, हळदकुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. अशा दिवसांत कोणी ओटी भरत नाही, मीही तोवर कधी भरली नव्हती. तिने पदर गच्च धरला. मी आले ती रिक्षा थांबवून ठेवली होती, तिनेच तिला स्टॅंडवर पाठवली.

भिंगरी वाचली. पण औषधांनी पोटातले चांगले जंतूही मारले, म्हणून बरेच दिवस तिला ढाळ लागत होते. डॉक्टरांनी ते जंतू परत यावेत म्हणून पूड दिली, मऊ भात आणि चमचाभर दही थोडं थोडं द्यायला सांगितलं. ती माझ्या हातून खाईना. ह्यांच्या डाव्या हातून खाल्लं.

हे सांगितलं की बायका हात जोडून म्हणतात, अगं, देवीच आली असेल ती! मी म्हणते, देवीला पाळी येत असेल तर आलीही असेल. मला माहीत असलेली सुमन कांद्याच्या खळ्यावर कामाला जाते आणि पुढच्या वर्षी ती आमच्या दारावरूनच गडावर जाऊन आली, एवढं मी सांगू शकते.

ह्यांची वाचा अजून आलेली नाही, आणि मी आता त्यावरून भांडत नाही. शरण जायचं म्हणजे हात जोडून मागत राहायचं, असं मी समजत होते. मागण्याच्या नादात मी इतकी बोलत सुटले होते, की घरातला माणूस दिवसेंदिवस मला काहीतरी सांगतोय हे कानावर पडूनही कळलं नाही. वाचा मागत होते मी, आणि कमी होतं ते माझं ऐकणं. आई, ते तू मला दिलंस. कोणाच्या तोंडून दिलंस, ते तुझं तू जाण.