शेवंतीचा नवरा परत आला

मनालीचा फोन आला तेव्हा मी कट्टा गावच्या बाजारात नारळ निवडत उभी होते. “आत्या, आई गेली,” एवढंच ती म्हणाली. नारळवाल्याने दोन नारळ कानाशी वाजवून दाखवले, मी मान डोलावली, ते पिशवीत घेतले, आणि आचऱ्याच्या एसटीत बसल्यावर मला आठवेना की हे नारळ मी कशासाठी घेतले... त्याला आता महिना होऊन गेला. रडू त्या दिवशी आलं नाही, नंतरही फारसं आलं नाही. थकवा तेवढा आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

मनालीची आई म्हणजे माझी वैनी, थोरल्या भावाची बायको, सुलभा. ती लग्न होऊन आचऱ्याला आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते. माझी वेणी तिने घातली, मला शिवण शिकवलं, पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा नोकरीसाठी सही करायला बाबांना तयार केलं तेही तिनेच. भाऊ मालवाहू बोटीवर होता. वर्षाकाठी एकदा घरी यायचा. शेवटच्या सुट्टीत त्याने टीव्ही आणला, आमच्या वाडीतला पहिला. कौलांवर चढून अँटेना त्यानेच बसवली आणि वैनी खाली अंगणात उभी राहून, चित्र दिसतंय की नाही ते ओरडून सांगत होती. तो बोटीवर परत गेला आणि पुढच्या पावसाळ्यात कंपनीचा माणूस घरी आला. वादळात भाऊ डेकवरून नाहीसा झाला होता. शोध घेतला, सापडला नाही. मनाली तेव्हा रांगत होती.

काही वर्षं गेल्यावर घरातली वडीलधारी माणसं दबक्या आवाजात बोलू लागली. देह मिळाला नसला तरी दर्भाचा पुतळा करून विधी करता येतो, तो करावा, वैनीने कुंकू उतरवावं, म्हणजे त्या जिवालाही गती मिळेल. वैनी भांडली नाही. तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, “तेका जाताना कोणी बघल्यानी? नाय मां? मगे मी काय धरून चलू?” विषय तिथेच थांबला, पण मिटला नाही. लग्नाकार्यात तिच्या कपाळाकडे बघून बायका एकमेकींकडे बघत, ते मी पुष्कळ वेळा पाहिलंय.

याच काळात ‘पलीकडचं बंदर’ ही मालिका लागायची. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी. सगळी वाडी आमच्या पडवीत येऊन बसे. वारा सुटला की चित्राला मुंग्या यायच्या आणि कुणीतरी अँटेना हलवायला धावायचं. गोष्ट साधी होती. शेवंतीचा नवरा गलबतावर जातो आणि परत येत नाही, आणि ती घर चालवते. सासरा आजारी पडतो, दीर वेगळा होतो, पोराची शाळा सुटते, पुन्हा सुरू होते. शेवंतीचं काम करणारी नटी दिसायला अगदी साधी, बोलायलाही आमच्यासारखी. वैनी तिच्याशी बोलायची. शेवंतीने दिराला जास्त वाढलं की वैनी म्हणायची, “गो, तुका ऱ्हवला काय?” म्हणजे तुझ्यासाठी काही उरलं का. पहिल्यांदा आम्ही हसलो, मग कुणी हसेना.

शेवटच्या भागात सगळ्यांना वाटलं होतं, आता तो येणार. आला नाही. संध्याकाळी शेवंती बंदरावरून घरी येते, पाय धुते, चुलीवर भाताचं आधण ठेवते... आणि मालिका संपते. पडवीत एकच गिल्ला झाला. असा कसा शेवट, इतके दिवस बघितलं ते कशाला, असं जो तो म्हणू लागला. वैनीने टीव्हीवर फडकं टाकलं आणि मला हळूच म्हणाली, “बरा केल्यानी. खोटा सांगूक नाय.”

नंतरची वर्षं सांगण्यासारखी काही नाहीत, म्हणजे सगळ्यांची जातात तशी गेली. माझं लग्न होऊन मी कट्ट्याला आले. बाबा गेले, आई गेली, विधीचा आग्रह धरणारे एकेक करून गेले. वैनीने शिवणकामावर मनालीला शिकवलं, मनाली पणजीला नोकरीला लागली. शेवंतीची आठवण मात्र वैनी एखाद्या शेजारणीची काढावी तशी काढायची. तिचं पोर आता मोठं झालं असेल, तिचे आता गुडघे धरत असतील. मीही त्यात काही वावगं धरलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला जाहिराती सुरू झाल्या. ‘पलीकडचं बंदर’ परत येणार होतं, नव्या कलाकारांना घेऊन, गोष्ट थांबली होती तिथून पुढे. वैनीचं हृदय तोवर थकलं होतं. पाय सुजायचे, चार पावलांवर दम लागायचा. मालवणच्या डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केली होती. मी आचऱ्याला तिच्याजवळ राहायला गेले. मनालीने भिंतभर मोठा टीव्ही आणून दिला. पहिल्या दिवशी वैनीने इस्त्रीचं पातळ नेसलं.

त्या नव्या मालिकेबद्दल लोक जे बोलले ते खोटं नव्हतं. नव्या शेवंतीच्या साडीची घडी भांडी घासतानाही मोडत नव्हती. मालवणी बोलायची ती पाठ करून म्हटल्यासारखी. शेवंतीच्या दोन खोल्यांच्या घराला जिना फुटला होता. कुणी कुणाकडे नुसतं बघितलं तरी ढोल वाजायचे आणि तेच तोंड तीनदा दिसायचं. वाडीतली माणसं एक-दोन दिवस आली, मग येईनाशी झाली. वैनी मात्र बघत राहिली. नवी पोर आहे, शिकेल, म्हणायची. मला कंटाळा येई, डुलकी लागे. ती सरळ बसून असायची, समोरच्या त्या परक्या मुलीत ओळखीचं काहीतरी शोधत...

आणि मग एका संध्याकाळी शेवंतीचा नवरा परत आला. पांढऱ्या शर्टात, लाँचमधून उतरून. कुठल्याशा बेटावर इतकी वर्षं त्याची स्मृती गेली होती म्हणे. शेवंती धावली, ढोल वाजले, वरून फुलं पडली. मी वैनीकडे बघितलं. तिने हाताने खूण केली, मी टीव्ही बंद केला.

मग ती म्हणाली, “तिचो घोव इलो गो. आता मी एकटीच ऱ्हवलंय.”

मी काहीतरी बोलले. ही नुसती गोष्ट आहे, लिहिणाऱ्यांना लोक खेचायचे असतात, असं काहीबाही. “माका कळता ता,” ती म्हणाली. “मी येडी नाय.” आणि कुशीवर वळली. तिच्या पाठीवर हात ठेवून मी बसून राहिले. भाऊ गेला तेव्हाही मी तिला इतकी दमलेली पाहिली नव्हती.

पुढचे भाग तिने पाहिले नाहीत. मालिका लोकांनी उचलून धरली नाही, थोड्याच दिवसांत गुंडाळली गेली, कुणाला वाईटही वाटलं नाही. मनाली रजा घेऊन आली तेव्हा वैनीने आम्हा दोघींना जवळ बसवलं आणि भटजींना बोलवा म्हणाली. तो विधी करून टाकूया. मनाली रडायला लागली. तिला वाटलं, आई हरली. मलाही तेच वाटलं, पण मी विचारलं नाही. आता सांगणारं, दबाव आणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि वैनी आपणहून म्हणत होती.

खाडीच्या काठावर विधी झाला. मनालीनेच केला. वैनीला खुर्चीत बसवून नेलं होतं. ओहोटी होती, चिखलात बगळे फिरत होते. दर्भाचा पुतळा हातात मावेल एवढा. मनालीने त्याला अग्नी दिला तेव्हा वैनीने हात जोडले आणि भाऊला त्याच्या नावाने हाक मारली, एकदाच. नवऱ्याचं नाव तिने घेतलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ती खिडकीशी आरसा धरून बसली होती, आणि कपाळावर कुंकू होतं. माझ्या तोंडावरचा प्रश्न तिला दिसला असावा. “तो गेलो, ता मी मानलंय,” ती म्हणाली. “पण कुंकू माझा आसा.” चहा घेतला, वर साखर कमी पडली म्हणून कुरकुरली. मनाली रजेवर तिच्याजवळ होती, म्हणून मी कट्ट्याला घरी परत आले. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

परवा मनाली आणि मी आचऱ्याचं घर बंद करायला गेलो. मनालीने टीव्ही पणजीला नेण्यासाठी खोक्यात बांधला. मी बादली घेऊन एकेक खोली पुसत गेले. वैनीच्या खोलीत खिडकीच्या चौकटीवर, उजव्या हाताला, लाकडात मुरलेला एक तांबडा डाग आहे. कुंकू लावून झालं की बोटाला उरलेलं ती तिथे पुसायची. इतक्या वर्षांच्या सकाळी तिथे एकावर एक बसल्या आहेत. ओलं फडकं माझ्या हातात होतं. मी काच पुसली, खालची फळी पुसली. मग फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं आणि खिडकी लावून घेतली.