माझ्या नावाची साखर

मी गाव सोडलं असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे मला गाव सोडायला लावलं, तेही घंटी वाजवून.

परभणीकडचं आमचं तालुक्याचं गाव, आणि सकाळची पुण्याची एसटी. माझा एक पाय गाडीच्या पायरीवर, दुसरा स्टँडच्या फरशीवर, हातात दोरीने बांधलेली पत्र्याची पेटी. दहा मिनिटं मी असाच उभा होतो, कारण मला निरोपाचं भाषण करायचं होतं. गणपतीतल्या नाटकांत मी राजा केला होता, पोलीस केला होता, आणि एकदा राणीला ऐनवेळी ताप भरला म्हणून राणीसुद्धा केली होती. असा माणूस एवढा मोठा प्रवेश वाया घालवेल होय? माय पदर तोंडाला लावून उभी. समोर चार मित्र, दोन हमाल आणि एक शेळी. मी हात उंच करून म्हणत होतो, "फक्त दोन वर्षं! दोन वर्षांनी हा दत्ता याच स्टँडवर..."

माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. त्या दिवशी रजा टाकून मला सोडायला आले होते. रोज शेकडो उतारूंना ऐकवायचे तेच वाक्य त्यांनी मला ऐकवलं. "आत हो, नाहीतर उतर. पायरीवर उभं राहायलास कशाला?"

मी आत झालो. त्यांनी दारातून हात घातला, घंटीची दोरी धरली आणि दोनदा ओढली. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गाडी निघाली. त्या गाडीचे खरे कंडक्टर शेखचाचा अजून टपरीवर चहा पीत होते. ते कप टाकून धावत आले, पळत्या गाडीत चढले आणि मागे वळून ओरडले, "अण्णा, रजेवर तरी सुखानं चहा पिऊ द्या की!" सगळी गाडी हसली. मीही हसलो. हसण्याच्या नादात अण्णांकडे बघायचं राहिलं. मग मी काचेतून वाकून बघितलं, तर ते पाठ फिरवून चालू लागले होते. आज मला ती पाठ जशीच्या तशी आठवते. तेव्हा मात्र वाटलं, काय कोरडा माणूस आहे.

पुण्यात बिबवेवाडीला एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मला काम मिळालं. मालक जोगळेकरकाका. त्यांचं बोलणं मोजकं आणि हसणं त्याहून मोजकं. पहिल्या दिवशी मी ओळख करून देताना जरा रंगात आलो, तर म्हणाले, "वा. गाडी येते का, ते राहिलं सांगायचं."

गाडी येत होती. शिकवायलाही येऊ लागली. सव्वीस वर्षांत मी अर्ध्या पुण्याला गाडी शिकवली असं मी सांगतो. बायको म्हणते, त्या अर्ध्या पुण्यामुळेच उरलेलं अर्धं पुणं घाबरून चालतं. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं-पोरी येतात. हुशार, पण चौकात आली की गोंधळतात. एकदा एक मुलगी गंगाधाम चौकात क्लच अर्धा दाबून बसली. पुढे जाईना, मागे येईना. बाजूचे स्कूटरवाले आजोबा काच खाली करायला लावून म्हणाले, "काका, मुक्काम इथेच आहे का?" ती रडकुंडीला आली. "सर, आय मीन, जाऊ की थांबू?" मी तिला माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं, "ताई, जायचं तर जा, थांबायचं तर थांबा. क्लचवर पाय ठेवून राहिलात तर गाडी जात नाही, थांबतही नाही. नुसती आतून जळते."

हे मी सगळ्यांना शिकवलं. आणि स्वतः बाविसाव्या वर्षापासून क्लचवर पाय ठेवून बसलो.

आता तुम्ही, जे माझ्यासारखेच गाव सोडून आलात, ते हसाल. तुमच्याही माळ्यावर एक पेटी न उघडता पडली असेल. माझी पेटी पलंगाखाली होती, दोरीसकट. दोन वर्षांनी परत जायचंच होतं. मग लग्न झालं. सुनंदा बार्शीची. ती आली तेव्हा खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह आणि माझं बोलणं, एवढंच सामान होतं. घरमालकीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "भिंतीला खिळा मारायचा नाही." तीन वर्षांनी त्या स्वतःच म्हणाल्या, "अहो, आता मारा एखादा. कॅलेंडर जमिनीवर बरं दिसत नाही." तरी मी मारला नाही. सुनंदा म्हणाली, "भिंत त्यांची, परवानगी त्यांची. तुमचं काय जातंय?" मी म्हणालो, "जाताना भोक बुजवत कोण बसणार?"

ती गप्प झाली. माझ्या विनोदांवर ती अशी गप्प व्हायची आणि मला वाटायचं, विनोद जमला.

तिचा दुसरा हट्ट रेशनकार्डाचा होता. पुण्यात कार्ड काढायचं तर आधी गावच्या कार्डावरून नाव कमी करून तसा दाखला आणावा लागतो. तिचं नाव बार्शीच्या कार्डावर, माझं अण्णांच्या, आणि पुढे मुलगी झाली तिचं कुठेच नाही. "तीन माणसांचं घर, आणि कागदावर एकत्र कुठेच नाही," ती म्हणायची. मला सगळं पटायचं. पण तो दाखला अण्णांकडे मागायचा म्हणजे सांगायचं की मी आता येत नाही. ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. पानंच्या पानं संवाद पाठ करणारा मी, हे एवढंसं वाक्य विसरायचो.

शिवाय साखर होती. दर दिवाळीला गावाहून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पिशवी यायची. त्यात मायच्या हातची शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि कापडी पुरचुंडीत अर्धा-पाऊण किलो साखर. आधी पत्रात आणि नंतर फोनवर अण्णा न चुकता विचारायचे, "साखर मिळाली का? तुझ्या नावाची हाय." तेव्हा रेशनवर माणशी साखर मिळायची. म्हणजे गावच्या कार्डावर माझं नाव होतं. म्हणजे माझी जागा राखून ठेवलेली होती. मी ती साखर चहात घालून मित्रांना पाजायचो आणि सांगायचो, "प्या. आमच्या संस्थानातून आली आहे."

एकदा सुनंदा पुरचुंडी उघडून बराच वेळ बघत राहिली. "अहो, आमच्याकडे तर रेशनची साखर केव्हाच बंद झाली."

"आमच्याकडे चालू असेल," मी म्हणालो. विषय संपवायची मला घाई असायची.

जोगळेकरकाका थकले तेव्हा त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "दत्ता, मुलं अमेरिकेत. शाळा तू घे. दोन्ही गाड्या घे. हळूहळू फेड. हो की नाही, एवढंच सांग." मी म्हणालो, "काका, विचार करून सांगतो." मी विचार केला. गावी जायचं झालं तर? तीन महिने मी जमेल तितका सुंदर विचार केला. चौथ्या महिन्यात शाळेच्या पाटीवर दुसऱ्याच माणसाचं नाव आलं. काका एवढंच म्हणाले, "तू नाही म्हणाला असतास तरी मला वाईट वाटलं नसतं रे." मी त्याच शाळेत नव्या मालकाकडे पगारावर राहिलो.

त्याच वर्षी अण्णा पुण्याला आले. एकदाच. तोपर्यंत आम्ही दोन खोल्यांत राहत होतो, पण भिंती कोऱ्याच होत्या. ते पलंगावर बसले. कोऱ्या भिंतीकडे पाहिलं, वाकून पलंगाखालच्या पेटीकडे पाहिलं. दोरी त्यांनीच बांधलेली होती, गाठ त्यांनी ओळखली असणार. म्हणाले, "दत्ता, अजून पायरीवरच हायस की रं."

मी लगेच उभा राहून कंडक्टरची नक्कल केली. "चला चला, आत व्हा, पुढे सरका, पुढे जागा आहे!" मुलगी खिदळली. अण्णांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. ते काहीतरी विचारतील असं वाटत होतं, किंवा मी काहीतरी सांगेन असं त्यांना वाटत असावं. मग त्यांनी चहा घेतला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेले. स्वारगेटला मी सोडायला गेलो होतो. या वेळी ते खिडकीतून बघत होते, गाडी वळेपर्यंत.

गेल्या वर्षी ते गेले. झोपेतच. मी पोचलो तेव्हा माणसं थांबली होती माझ्यासाठी.

तेरावं झाल्यावर मी मायला म्हणालो, "माय, कार्ड दे. माझं नाव कमी करून घेतो. पोरीला आता पुढच्या शिक्षणासाठी कागद लागतात." पंचेचाळिशी ओलांडल्यावर, सांगायला माणूस उरला नाही तेव्हा, ते वाक्य माझ्या तोंडून सहज निघालं.

मायने फळीवरून डबा काढला. कार्ड माझ्या हातात दिलं. अण्णांचं नाव, तिचं नाव, आणि तिसऱ्या ओळीत माझं. त्यावर तांबडी रेघ. जुनी, फिकट झालेली. शेजारी सही-शिक्का आणि तारीख. मी पुण्याच्या गाडीत बसलो त्याच्या पुढच्या सोमवारची.

मायने डब्यातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात घडी घातलेला कागद होता, नाव कमी केल्याचा दाखला. सव्वीस वर्षांचा.

"त्याच हप्त्यात कापून आणलं त्यांनी," ती म्हणाली. "मी लई भांडले. तर म्हणले, त्याचं त्याला जमायचं नाही. आपणच सोडलं पायजे. मागितला की त्याच मिनिटाला देतो म्हणले. पण त्यानं मागाय पायजे."

"मग पुण्याला आले तेव्हा?"

"खिशात घेऊनच आले होते की. परत घेऊन आले."

मी कागदाची घडी होती तशी घातली. मग विचारलं, "आणि साखर?"

माय उठली, चुलीकडे तोंड केलं. "दुकानातली. नाव कापलं म्हणून लेकराला तुटल्यावानी वाटाय नको म्हणले."

एका निर्णयाची किंमत तो माणूस सव्वीस दिवाळ्या पुरचुंडी बांधून भरत राहिला. आणि मी त्याला कोरडा म्हणत होतो.

पुण्यात परत आल्यावर कार्यालयात तो दाखला पुढे केला. खिडकीतल्या बाईंनी तो दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला. "काका, एवढी घाई कशाला केलीत?" मी मनापासून हसलो. रांगेतल्या लोकांना वाटलं, माणूस मजेत आहे. नवा दाखला आणावा लागला; तो आणला. मी, सुनंदा आणि मुलगी आता एका कागदावर आहोत. पेटीची दोरी मी सोडायला गेलो तर गाठ सुटेना. कापवेना. शेवटी सुनंदाने अर्धा तास बसून ती दातांनी सोडवली. आणि मी नोकरी सोडली. जुनी एक गाडी घेतली, तिला शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक आणि क्लच बसवून घेतला, आणि विश्रांतवाडीला आळंदी रस्त्यालगत स्वतःची पाटी लावली. चालेल की नाही, ठाऊक नाही. जोगळेकरकाकांना दाखवायला गेलो, तर त्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, मुलांनी तिकडे नेलं. घरात मी पहिल्यांदा भिंतीला खिळा मारला. त्यावर काय लावायचं ते ठरायचं आहे; पण खिळा पक्का आहे, मी लोंबकळून पाहिलं.

माय पुण्याला येत नाही. "माझं नाव इथंच राहू दे," म्हणते. त्या कार्डावर आता ती एकटीच.

या दिवाळीला मी एकटाच गावी गेलो तेव्हा पिशवीतून कापडी पुरचुंडी काढली आणि तिच्या हातात ठेवली.

"हे काय रं?"

"साखर. पुण्याच्या कार्डावर मिळाली. तुझ्या नावाची आहे."

आमच्या नव्या कार्डावर साखर मिळत नाही, आणि त्यावर तिचं नावही नाही. मायने पुरचुंडीची गाठ सोडली. चिमूटभर साखर तळव्यावर घेतली, दारातल्या उजेडाकडे नेली.

"रेशनच्या मानानं दाणा मोठा हाय," ती म्हणाली.

"पुणं आहे माय. तिथं चांगली देतात."

"देत असतील," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवलं. तीन कपांचं. मग एक कप पाणी परत काढून घेतलं.