खातं बंद करण्याआधी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, की आता दाबून ठेवायची ताकद उरली नाही म्हणून? दोन्ही असेल.

मी रत्नागिरीत नगरसेविका आहे. लोक माझं नाव आदराने घेतात, आणि त्याला कारण एकच — खोट्या बातम्या पसरवणाऱ्या त्या समाजमाध्यमावरून मी बाहेर पडले. हजारो लोक मला तिथे वाचत. ‘खोट्याच्या बाजारात मी बसणार नाही’ असं लिहून एका संध्याकाळी मी खातं कायमचं बंद केलं. पेपरात फोटो आला. चिपळूणच्या एका कॉलेजने व्याख्यानाला बोलावलं — पुढाऱ्यांनी अशी माध्यमं सोडावीत का? शाल, श्रीफळ, टाळ्या. मी तासभर बोलले. चांगली बोलले, तेच तर वाईट आहे.

आता सुमनचं सांगते. सांगायचं ते तिचंच होतं, उगाच चिपळूणला जाऊन आले.

सुमन मच्छीमार्केटात दाराशी बसायची. ओली मासळी विकायची, शिवाय पाटीत थोडी खारवलेलीही असे. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, तिला माझ्या हातची लागे. तुमचा हात चांगला, म्हणायची. मी सकाळी बांगडे घेतले की तिचा दिवस सुरू. माझ्या पहिल्या निवडणुकीत ती उन्हातान्हात घरोघर फिरली होती.

पुढची निवडणूक जवळ आली. मार्केटची देखरेख माझ्या विरोधातल्या माणसाकडे होती. त्याच सुमारास एक व्हिडिओ फिरत आला, कुठल्या बंदराचा कोण जाणे. पाठमोरी बसलेली एक बाई मासळीला पांढरं काहीतरी चोळतेय. खाली लिहिलेलं — शिळी मासळी ताजी दिसावी म्हणून विषारी पावडर. मी तो माझ्या पानावर टाकला आणि वर लिहिलं, ‘आपल्या मार्केटात काय चालतं ते बघा.’ ‘आपल्या’ हा शब्द माझा. मूळ व्हिडिओत तो नव्हता.

दुपारपर्यंत लोकांनी ती बाई शोधूनही काढली. चेहरा दिसत नव्हता, पण मासळी खारवणारी, दाराशी बसणारी — सुमनच, दुसरी कोण? दुसऱ्या दिवशी बायका तिच्या पाटीवरून नाकाला पदर लावून गेल्या. भाट्याच्या किनाऱ्यावरचा हॉटेलवाला तिच्याकडून सुरमई घ्यायचा, त्यानेही बंद केलं.

ती घरी आली, पायरीवरच उभी राहिली. “ताईंनू, तुमी येवढाच लिवा, ती बाय मी नाय म्हणून. तुमचा लोकं आयकतील.” मी म्हटलं, बघते.

काय बघायचं होतं? एक ओळ लिहायची होती. पण ती लिहिली तर आधी खोटं टाकलं हे कबूल करावं लागणार, आणि विरोधक तेच ओरडत फिरणार. नुसतं पुसलं तर लोक विचारणार, का पुसलंत? मग सुचलं — सगळंच बंद करावं. पोस्ट गेली, खालचे प्रश्न गेले, आणि वर मी तत्त्वाची बाई ठरले. निवडणूक जिंकले.

सुमन पुन्हा आली. तेव्हा मी तिला जे बोलले ते मला अजून पाठ आहे. “अगं, आता माझं तिथे खातंच नाही. लिहू कुठे?” तिने मान डोलावली. तिला पटलं. माझं बोलणं तिला पटलं, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. जाताना म्हणाली, मग बाजारात येऊन भवानी तरी करा, चार माणसं बघतील. मी हो म्हटलं. आणि गेले नाही — त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

तिच्या जागेवर आता दुसरी बाई बसते. सुमन गणपतीपुळ्याला एका लॉजवर चादरी धुते. व्हिडिओ अजून फिरतोय, परवा तो नवऱ्याच्या फोनवर आला. वर माझं नाव नव्हतं, पण वाक्य माझंच होतं. मी तिथून निघाले, माझं खोटं तिथेच राहिलं. ते आता कोण थांबवणार? मी तर मुळीच नाही.

तुम्हाला वाटेल, मीही फसले असेन. मला कोणी फसवलं नव्हतं. माझी आई अंगणात बसून बांगडे खारवायची, आणि लहानपणी मी शेजारी बसून तिच्या हातात मुठीमुठीने द्यायची — मीठ. व्हिडिओतली बाई मासळीला मीठ लावत होती. जाडं मीठ. बघताक्षणी मला कळलं होतं, आणि ते कळल्यावर मी तो टाकला.