गप बसणारा खोका

‘‘गप रव,’’ असं म्हणून ती आधी पंखा बंद करायची. मग कोंबड्या हाकलायची, स्वयंपाकघरातल्या सुनेला ‘‘कुकर उतर गो!’’ म्हणून ओरडायची आणि मगच समोरच्या यंत्राचं बटण दाबायची. यंत्र घेऊन आलेला माणूस होडीचा तांडेल असो नाहीतर गावचा सरपंच, घामाघूम होऊन गप्प बसावंच लागायचं. सरपंचांना गप्प बसवणारी आख्ख्या आचऱ्यात ती एकटीच.

आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. मुंबईला एका रेडिओच्या कारखान्यात तिने अठरा वर्षं काढली. काम ऐकण्याचं. तयार झालेला रेडिओ कानाशी धरायचा आणि जरा खरखर आली की बाजूला काढायचा. कारखाना बंद पडला, नवरा गेला, तशी ती सासरच्या घरी आचऱ्याला आली आणि मागच्या पडवीत टेबल मांडून बसली. भजनी मंडळाचा अँप्लिफायर, होड्यांचे वायरलेस, आमच्या चर्चचा माईक, सगळं त्या टेबलावरून फिरून जायचं.

काम झाल्यावर माणसं म्हणायची, ‘‘मावशी, एखादं गाणं लावून बघूया.’’ ती हात झटकायची.

‘‘आवाज काय, सगळेच काढतत. गप बसाक येता काय ता बघूचा.’’

मग काही न लावता आवाज पूर्ण चढवायचा आणि डोळे मिटून बसायचं. तुम्ही कुणाला शांतता तपासताना पाहिलंय कधी? मी पाहिलंय. भजनी मंडळाच्या अँप्लिफायरमधून एकदा पालीची तीन अंडी निघाली. आम्ही सगळे खूश, बिघाड सापडला म्हणून. ती म्हणाली, ‘‘ही बिचारी गप आसत. बिघाड दुसरीकडे आसा.’’ आणि अंडी अळवाच्या पानावर ठेवून कुंपणाशी सोडून आली.

आता आमच्या खोक्याची गोष्ट. माझे पप्पा तरुणपणी बोटीवर होते. तिथून त्यांनी गिटारचा एक अँप्लिफायर आणला. आम्ही त्याला खोकाच म्हणतो. मालवणपासून जामसंड्यापर्यंत कितीतरी लग्नांत पप्पांनी त्या खोक्यावर गिटार वाजवली. दोन वर्षांपूर्वी त्यातून आवाज यायला लागला, तापल्या तव्यावर बांगडा टाकावा तशी चरचर. पप्पांनी दोन-चार दिवस ऐकलं आणि गिटार पेटीत घालून पलंगाखाली सरकवली.

‘‘म्हातारो झालो तो. माझ्यासारखो. ठेव बाजूक.’’

आणि खरंच, तो माणूसच बाजूला पडला. रविवारी चर्चमध्ये वाजवायला जाईनात, मासळी आणायला किनाऱ्यावर जाईनात, जेवायला बसले की दोन घास खाऊन उठायचे. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय आहे. मी मात्र घाबरलो, साफ घाबरलो. आई गेली तेव्हासुद्धा हा माणूस तिसऱ्या आठवड्यात गिटार घेऊन बसला होता. आता तर तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा.

मग मी माझी अक्कल चालवली. आमच्याकडे बिजागरी कुरकुरली की खोबरेल, शिवणयंत्र अडलं की खोबरेल, डोकं दुखलं तरी खोबरेल. खरखर बटणांतून येते असं मी आपलं ठरवून टाकलं आणि पप्पा झोपलेले बघून चारही बटणांच्या खाचांत ड्रॉपरने खोबरेल सोडलं. चांगलं घरच्या घाण्याचं! झालं, चार दिवसांत त्यावर धूळ बसली आणि बटणं चिकट झाली. आधी नुसती चरचर होती, आता बटण फिरवलं की वर फटाके. पप्पांनी पडल्या पडल्या ऐकलं आणि फक्त डोळे मिटले. तेलाचं त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

बाजारातला एक मेकॅनिक म्हणाला, आतलं सगळं काढून नवीन टाकूया, वर खोका तोच राहील. म्हणजे काय राहील, कपाळ? खरं तर सगळ्यात आधी मावशीकडेच जायला हवं होतं. पण रेडिओवाल्या बाईला गिटारच्या अँप्लिफायरमधलं काय कळणार, असं मला वाटलं. मला वाटलं, ऐका!

शेवटी खोका तिच्या टेबलावर नेऊन ठेवला. मागचं झाकण काढलं मात्र, तिने नाक जवळ नेलं.

‘‘खोबऱ्याचा त्याल घातलंस मरे?’’

मी मान खाली घातली.

‘‘भजी तळूची होती काय?’’

तिने स्पिरिट आणि ब्रश घेऊन चारही बटणं आतून धुतली. मग गप रव, पंखा, कोंबड्या, कुकर, सगळं यथासांग झालं आणि खोका चालू केला. फटाके गेले होते, पण चरचर होतीच. तिने आवाजाचं बटण पार शून्यावर आणलं. तरी चरचर चालूच.

‘‘आयकलंस? बटण शून्यार, तरी ह्यो बोलता. म्हणजे दुखणा बटणाच्या फुडे आसा. बटणां बिचारी उगाच न्हाली.’’

मग तिने नारळाच्या केरसुणीतला एक सुका हीर काढला आणि त्याच्या टोकाने आतल्या एकेका भागावर हलकेच टकटक केलं. कुठे सोल्डरचा सुटलेला टाका असता तर चरचर बदलली असती. नाही बदलली. मग हिराला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि एकेका भागाला नुसता टेकवत गेली. स्पिरिट उडून जातं तसा तो भाग गार पडतो, हे मला नंतर समजलं. तेव्हा मी आपला बघत होतो. शर्ट पाठीला चिकटला होता. एक झाला, दुसरा झाला, दहा झाले. तूरडाळीएवढ्या एका काळ्या दाण्याला कापूस लागला आणि चरचर थांबली.

एकदम थांबली. माडाच्या झावळ्यांचा आवाज यायला लागला. मी काही बोलणार तेवढ्यात तिने हात वर केला. दाणा पुन्हा गरम झाला आणि चरचर परत आली. पुन्हा कापूस, पुन्हा गप्प. तीनदा तिने ते केलं. एवढ्या जंगलातून एक दाणा, आणि तो कानाने शोधलेला! मी देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला सांगू?

‘‘मावशी, बाकीचेही बदलून टाक ना. सगळे तेवढेच जुने.’’

‘‘कित्याक? चांगल्याक हात लावचो नाय.’’

एका मेलेल्या रेडिओतून तिने त्याच जातीचा दाणा काढला आणि सोल्डरचा डाग देऊन जोडला. मग आवाज पूर्ण चढवून डोळे मिटले. बऱ्याच वेळाने डोळे उघडून तिने काढलेला दाणा काडेपेटीत घातला आणि माझ्या हातात दिला.

‘‘ह्यो बापाशीक दाखव. सांग, खोको म्हातारो झालो नाय. एवढोसो एक दाणो दमलो. बाकी सगळा बरा आसा.’’ मी निघालो तर मागून हाक आली, ‘‘आणि त्याल तू घातलंस ता पण सांग!’’

सांगितलं. काडेपेटी उघडून पप्पांनी दाणा तळहातावर घेतला आणि बोटाने इकडून तिकडे फिरवत राहिले.

‘‘ह्योच? एवढोसो?’’

‘‘होय पप्पा. बाकी सगळा बरा आसा.’’

‘‘त्याल घातलंस! गाढवा!’’ म्हणाले, आणि हसले. किती महिन्यांनी! मग उठून बसले आणि म्हणाले, ‘‘माझी गिटार खंय ठेवलंस?’’ जसं काही मीच ती लपवली होती. मी गिटार काढून दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडलो.

मावशी या चैत्रात गेली. दुपारची जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. माईक सारखा खरखरत होता आणि तो कुणाकडे न्यायचा हे आता कुणालाच माहीत नव्हतं. पप्पांनी मला खोका उचलून आणायला लावला होता. ते स्टेजवर गेले, खोका चालू केला आणि आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. गिटारची वायर त्यांच्या मांडीवर तशीच होती.

‘‘अंकल, वायर लावूक इसरलात!’’ मागून कुणीतरी ओरडलं.

पप्पांनी हात वर केला. ‘‘गप रव. पंखे बंद करा.’’

पंखे थांबले. सगळा हॉल खोक्याकडे बघत राहिला. खोक्यातून काही म्हणजे काही येत नव्हतं. सरपंचसुद्धा मान खाली घालून ऐकत होते.

‘‘ह्या तिचा काम,’’ पप्पा म्हणाले, आणि मग त्यांनी वायर लावली.