तेवढं तिथंच लिहा
भाजलेल्या हुरड्याचा वास आला की करमाडच्या त्या शिक्षिका आठवतात. उस्मानपुऱ्यात आम्ही काही जण रविवारी जमून मराठी टायपिंगचं मोफत सॉफ्टवेअर बनवायचो, आणि थंडीत त्या डबाभर हुरडा आणायच्या. एकदा त्यांनी केलेल्या दुरुस्तीनंतर टायपिंगच बंद पडलं. मी संतापून प्रकल्पाच्या पानावर, जगाला दिसेल असं लिहिलं, “मॅडम, जमत नसेल तर हात लावू नका.” दोन दिवसांनी चूक माझ्याच जुन्या कोडमध्ये सापडली. मी फोन करून माफी मागितली. “असू द्या सर,” त्या म्हणाल्या, “पण तेवढं तिथंच लिहा ना, माझ्या शाळेतली पोरं वाचतात ते.” लिहितो म्हणालो आणि लाजेपायी टाळत राहिलो. त्या पुन्हा आल्या नाहीत. परवा ते पान उघडलं, तर त्यांच्या नावाखाली माझी तीच ओळ. आता लिहावं, तर ती पोरं केव्हाच शाळा सोडून गेली असतील.